डाग

शटर अर्धं खाली ओढ, कॅलम.
कालव्यावरून वारा येतो तो आधी गॅस पळवतो,
मग टाका उकळतो, आणि निवल्यावर बघावं
तर चाळणी.
या नेदरटनमध्ये कधीकाळी जहाजांचे नांगर घडायचे म्हणे.
आपल्याला पाऊण मिलिमीटरचा पत्रा पुरतो
रडायला.

मिसेस हिंग्लींची जुनी रोव्हर. लाल, म्हणजे एकेकाळी.
मागच्या चाकाच्या कमानीखाली पोपडा धरलाय,
बोटानं दाबला तर खारीसारखा चुरतो.

दिवा बंद करून
मी पत्र्यामागे टॉर्च धरतो.
एक. तीन. सात.
मग मोजायचं सोडून देतो.
कॅलम म्हणतो, भारी दिसतंय, चांदण्यांसारखं.
चांदण्यांतून पाणी शिरत नाही, बाबा.

त्याला वाटतं वरून एकेक थेंब सोडला की झालं.
भोकाच्या पोटात गंज असतो, तेल असतं,
वरून तोंड बुजवलंस तर आतून फुरफुरतं
आणि शेजारी नवं तोंड काढतं.
आधी भोक मोठं करायचं.
हेच शिकवायला जड जातं मला.
मोठं करायचं, पांढरा पत्रा लागेपर्यंत घासायचं,
मागे तांब्याची पट्टी धरायची,
तांब्याला काही चिकटत नाही
(घरात असतो असा एखादा माणूस).
मग चाप. एक म्हणेपर्यंत. सोड.
लाली जाऊ दे.
पुढचा टाका लांब घाल,
घाई केलीस तर पत्रा रुसतो, पापडासारखा.

तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?
डाग देणं, म्हणालो. कोल्हापुरात, उद्यमनगरात
मामाच्या शेडमध्ये तेच ऐकलेलं.
गळक्या बंबाला देतात तो डाग,
सदऱ्यावर पडतो तो,
मामीच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेले सोन्याचे, तेही,
आणि शेवटी मुलानं बापाला द्यायचा असतो
तोही डागच.
कॅलमला सदऱ्याचा तेवढा कळला.

घासता घासता लांबीचा थर सुटला, बोटभर जाड.
खाली सांधा. प्रत्येक टाका डावीकडे कललेला,
शेपटी वर, स्वल्पविरामांची रांग जशी.
असे टाके या गल्लीत एकच जण घालायचा.

दोन हजार चार. शुक्रवार.
बाटलीचा काटा शून्याला टेकलेला,
मिस्टर हिंग्ली दारात, टोपी हातात,
सकाळी वेमथला निघायचं होतं त्यांना, समुद्रावर.
सांधा फुसफुसत होता, मला ऐकू येत होतं.
लांबी ओढली, लाल मारलं, झालं म्हणालो.
दहाची नोट वर देऊन गेले
भला माणूस.
वीस वर्षं त्या गाडीनं मला सांभाळून घेतलं.

'कुठल्या गाढवानं केलंय हे?' कॅलम विचारतो.
'होता एक,' मी म्हणतो,
'त्याचा गॅस संपत आला होता.'
तो हसतो. मी ग्राइंडर चालू करतो.

दुपार सगळी त्यातच गेली.
परत दिवा बंद, परत टॉर्च.
काळोख. काळोख. काळोख.
नाही, थांब,
तिथं कोपऱ्यात, दुमडीच्या आत.

'एवढंसं? ते सीलरनं बुजेल,'
कॅलम जॅकेटात एक हात घालून उभा.
भिंतीवर साडेचार.

तू जा, म्हणालो.
जाताना शटर ओढ.