पातळी

शनिवारच्या बैठकीचा अर्ज :
नवशिका, मध्यम, तयार. एकावर खूण करा.
अकरा वर्षं मँडोलिन वाजवतोय.
पेन मध्यमवर टेकलं, तयारकडे सरकलं,
तिथेच शाई ठिपकली.

तार बदलायला रविवार पेठेत गेलो.
नझीर सतारमेकरांनी पडद्यांवरून अंगठा फिरवला,
तांदळातले खडे शोधावेत तसा.
"पहिल्या तिनांना घळी पडल्यात.
पाचव्यापर्यंत थोडी ये-जा.
पुढं कोरं करकरीत.
तिकडं कुणी राहत नाही का?"

मग मी ते अमेरिकन डोंगरातलं वाजवलं,
भरधाव.
मधे दोन सूर गळले,
ते त्यांनी तोंडानं भरले,
सुपारी गालात सरकवून.

तारेचे ऐंशी घेतले फक्त.

अर्ज अजून खिशात आहे.
रात्री सातव्या पडद्यावर बोट ठेवलं.
गार लागला.