येते म्हणावं

हानित्रा आली तेव्हा वड्डीच्या बाजूला हळद शिजत होती.
मिरज स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत तोच वास अंगाला,
आणि रिक्षातून उतरताना तिनं इंग्रजीत विचारलं,
कुणाचं घर जळतंय का?
नाही, म्हटलं. शिजतंय.

मादागास्करची. अंत्सिराबे गावची.
नकाशात मी आफ्रिकेवर बोट ठेवलं,
तिनं ते उचलून समुद्रात ठेवलं.

मला सांगितलेलं एवढंच: देवाच्या कामाला आलेली पोरगी,
सहा आठवडे, रोज दुपारी तासभर,
पुरुष वॉर्डात निभावेल इतपत मराठी.
चौतीस वर्षं पाचवीच्या पोरांना विभक्ती शिकवली,
‘इतपत’ म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिला मिळालं
बेडपॅन, फिनेल आणि मेसची ज्वारीची भाकरी.
तिच्याकडे तिन्ही त्रिकाळ भात.
बुडाला करपलेल्या भातात पाणी उकळून
पितात म्हणे जेवणावर. चांदीचं पाणी म्हणतात त्याला.
आमची मार्थाबाई भात करपू देत नाही.
तिचा धर्मच तो.

वहीत तिनं माझ्या तोंडचं उतरवून घेतलं, रोमन लिपीत:
दुखतंय का. कुठं. कूस बदला. संडासला झाली का.
देवाचं नाव त्या पानावर नव्हतं.
ते कधी? तिनं विचारलं.
पाळकबाई म्हणाल्या, आधी कूस.

खाट नंबर अकरा. आदगोंडा मगदूम,
बेदाण्याच्या शेडवर काटा धरणारे, फुप्फुसात पाणी.
ड्यूटी संपली तशी ती त्यांना म्हणाली, मी जाते.
अक्काताईंनी पदर तोंडाला लावला.
मी दारातच होते. तिला बाहेर घेतलं.
असं म्हणू नये गं. जाते म्हणणारं माणूस जातं.
येते म्हणावं.
पण मी जातेय ना?
जा की. म्हणताना ये.
तिनं लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या.

आम्ही आणि आपण यांत दोन दिवस जातील असं वाटलं होतं.
गेल्या साली आलेला नॉर्वेचा पोरगा शेवटपर्यंत
आम्हा उपाशांना सांगायचा, आपण जेवलो.
हानित्रा हसली. तिच्या भाषेत दोन्ही आहेत.
इझाहाय: तुला सोडून. इसिका: तुला धरून.
मग प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट. आमच्या पित्या.
आपल्या का नाही?
उत्तरही तिचंच: तो स्वतःचाच बाप कसा होईल.
जरा थांबून,
पण आदगोंडाकाका? ते या आमच्यात येतात का?
मी घड्याळ बघितलं. उद्या बघू, म्हटलं.

ते उद्या लांबत गेलं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी खाट रिकामी, चादर बदललेली.
ती वही न उघडता समोर बसली.
रात्री त्यांनी हात जरा वर केला. म्हणाले, येतो.
मी म्हटलं, या.
बरोबर बोलले ना मी?
बरोबर.
मग कधी?

ईन, शील, ईल, सगळे प्रत्यय पाठ होते मला.
पंखा फिरत होता. कुणीतरी बाहेर
सलाइनचे रिकामे खोके ओढत नेत होतं.

नंतर अक्काताई विसरलेला डबा न्यायला आल्या.
हानित्रानं तो घासून, पुसून कपाटात ठेवलेला,
झाकणावर चिकटपट्टी, अकरा.
त्यांनी डबा काखेत घेतला, तिचा दंड धरला.
चल, आपण चहा घेऊ.
ती गेली. तास माझा होता, मला विचारलंही नाही.

वही टेबलावर उघडी. या वेळी देवनागरीत,
शिरोरेघ उतरणीला लागलेली:
काका येतो म्हणाले. मी या म्हणाली.

मी ‘म्हणाली’चं ‘म्हणाले’ केलं.
बाकी तसंच ठेवलं.