नालबंदाला विचारू नका

उद्या सकाळी सातला, तापीकाठच्या सपाटीवर.
आज रात्री सारं सारंगखेडं माझ्या भात्याजवळ.
"हिलालबाबा, सकाय कोन निंघी पुढे?"

दोंडाईच्याचा नुकरा: कपाळी देवमण,
मालकाच्या गळ्यात त्याहून मोठं सोनं.
शहाद्याची कुमैत घोडी
पाणी पिताना कान हलवते, अजून भिते.
शिरपूरचा अबलख गेल्या साली जिंकला,
तेव्हापासून नुसता जेवतोय.

भोवरे मोजणारे भोवरे मोजतात.
उखा गुजर वहीत पाचशेचा आकडा लिहितो,
थुंकी लावून पुसतो,
पुन्हा तिथंच लिहितो.

मी खूर बघतो.
खूर खोटं बोलत नाही,
पण आपणहून बोलतही नाही.

नुकऱ्याच्या मागल्या डाव्या पायात
संध्याकाळी एक खिळा जरा खोल गेला,
पोराशी बोलता बोलता. माझ्याच हातून.
लंगडला नाही. पाय उचलला, ठेवला,
वळून माझ्याकडे पाहिलं.

"नुकराच," मी म्हणालो सगळ्यांना.
खिशातल्या दोनशेंना अजून काही सांगितलेलं नाही.

जंबूर घेऊन उठतो, बसतो.
तिकडे दावणीला नुकरा झोपलाय उभ्यानं,
तीन पायांवर.
घोडे असेच झोपतात.
बहुतेक.