बघू

रुंजी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती
आणि तिच्या वाटचं सगळे बोलून घेत होते.

कुंदाआत्या डोंबिवलीहून यायच्या,
पंतनगरातल्या आमच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर
धापा टाकत, आणि चपला काढता काढताच म्हणायच्या,
"अजून जावळ नाही काढलंत?"
पाणी त्यानंतर.

जावळ. तीट. कानात वारं शिरतं, कुंची घाल.
हातानं काय खाऊ देतेस, अर्धं तर फरशीच जेवते.
उद्या पाळणाघरातल्या बाईला आई म्हणाली, तर रडू नकोस.
आणि रुंजी हे काय नाव?
भुंगे घालतात ती रुंजी.
(खरंय. मला भुंगे आवडतात.)

विजूकाकींचा फोन बुधवारी, सव्वाएकला,
मी ऑफिसात डबा उघडते नेमकी तेव्हा.
"मी तुलना करत नाही हं, पण स्मिताचा नातू..."
स्मिताचा नातू तीनचा पाढा म्हणतो.
स्मिताचा नातू लवकरच स्मितालाही सांभाळेल.

सुरुवातीला मी भांडले.
कागद दाखवले : कान तपासलेत, ऐकू येतं,
थोडं थांबा म्हणालेत.
"डॉक्टरांना काय कळतंय," म्हणाल्या आत्या,
ज्यांच्या पर्समध्ये डॉक्टरांच्याच नऊ गोळ्या
वारांप्रमाणे डबीत झोपलेल्या असतात.
मग मी रडले. मोरीत, नळ सोडून.
पाणी सहा ते आठच येतं,
त्यामुळे रडणंही वेळेत.

नंतर तो शब्द सापडला.
बाबांचा होता. सायकल मागितली की ते म्हणायचे,
सहलीचे पैसे मागितले की म्हणायचे,
पेपरातून डोकं वर न काढता :
बघू.
दार लोटायचं, कडी नाही घालायची.

जावळ? बघू.
पाळणाघर बदल. बघू, आत्या.
दुसरं होऊ दे, बघ ही कशी आपोआप बोलते. बघू.
लाटणं थांबू न देता,
चेहरा न उलटलेल्या पोळीसारखा.
दिवसाला पंधरा-वीस तरी.
हृषीकेश म्हणाला, "हल्ली तू मलाही बघू म्हणतेस."
बघू, म्हटलं मी.

परवा आत्या भिंतीला टेकून गुडघा चोळत बसल्या होत्या.
पाळणाघर झालं, कुंची झाली, आणि मग
आवाज खाली आणून
"डोक्यानं बरी आहे ना गं?"

हे अजून कोणी उच्चारलं नव्हतं.
मी काय म्हणणार होते ठाऊक नाही,
पण बघू नक्कीच नाही.

ठोकळे सोडून रुंजी उठली.
आत्यांच्या मनगटावरच्या बांगड्या तिनं कोपराकडे सारल्या
आणि म्हणाली,
बघू.

स्पष्ट. घ तर अगदी पोटातून.
कुकरच्या शिट्ट्या त्या दिवशी कोणी मोजल्या नाहीत,
डाळीची पार पेज झाली.

बांगड्यांखाली गोंदण होतं, हिरवं, कडांना फुटलेलं.
नऊ वर्षं त्या हाताच्या मी पाया पडते,
पाहिलं नव्हतं.
यमू, असं लिहिलेलं.

"माझ्या पाठची," आत्या म्हणाल्या. "बोलायची नाही."
मग?
"मग काय."
त्यांनी बांगड्या खाली घेतल्या.
रुंजीनं परत वर सारल्या. बघू. परत. बघू.
सात-आठ वेळा तरी चाललं ते,
आणि आत्यांनी हात काढून घेतला नाही.

फार काही बदललं असं नाही.
निघताना दुसऱ्या मजल्यावरून आवाज आलाच,
"आणि मोजे घाल तिला! फरशी गार आहे!"
बघू, मी ओरडले,
आणि कठड्यावरून वाकून बघत राहिले
त्यांचा दुखरा गुडघा
कुठल्या पायरीवर पोचलाय ते.