पुलाची रुंदी

कागदावर दीड मीटर.
मी फीत टाकली, दोन चाळीस निघाली.
पुन्हा टाकली. पुन्हा दोन चाळीस.

तिबिलिसीच्या उतारावर तीन इमारती,
चौदाव्या मजल्याला पुलांनी एकमेकींशी बांधलेल्या.
खालचं टोक बाजारात,
वरचं टोक थेट डोंगरातल्या रस्त्याला भिडलेलं.
लिफ्टला नाणं लागतं.
नाणं नसेल तर जुजुना लागते.
ती पेटीशेजारी विणत बसते
आणि चेहरा बघून ठरवते
कोणाचं उधार लिहायचं, कोणाचं विसरायचं.

मला पालिकेने पाठवलेलं, तडे मोजायला.
अहवालात एक रकाना होता:
जादा रुंदी नव्वद सेंटीमीटर, कारण काय?

नकाशावरची सही पुसट.
वस्तीत कोणालाच नाव आठवेना.
म्हाताऱ्या गुरामला एवढंच आठवत होतं
की एक बारकासा माणूस होता,
काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी
त्याने दोन गवंड्यांना साच्यात समोरासमोर उभं केलं,
म्हणाला, बोलत राहा,
काहीही बोला, बायकांबद्दल बोला,
आणि स्वतः बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन
त्यांच्या बाजूने निघाला.
खांदा घासला.
फळ्या सरकवा, म्हणाला.

हे रकान्यात कसं लिहायचं?

गुरामची घडीची खुर्ची आणि सोंगट्यांचा पट,
वर्तमानपत्रावर वाळत घातलेले त्सियालाचे अक्रोड,
पत्र्याच्या डब्यांतली टोमॅटोची रोपं,
त्यातलं एक कायम आजारी.
आणि नोदार नि वाख्तांग, सख्खे भाऊ,
समोरासमोरच्या इमारतींत राहणारे,
अकरा वर्षांचा अबोला.
बाजारात जायला एकाला हाच पूल,
वरची बस पकडायला दुसऱ्याला हाच.
रोज सकाळी एकमेकांना ओलांडायचे,
अंगाला अंग न लावता.
तेवढी जागा होती.

मी लाल पट्टी बांधली, पाटी लावली:
एका वेळी आठ माणसं.
पहिल्या दिवशी पाटीवर कोणीतरी टोपी अडकवली.

गुरुवारी नोदार गेला. बाराव्या मजल्यावर, झोपेत.
लिफ्ट जेमतेम चौघांची,
शवपेटी आडवी मावत नाही.
उभी करा म्हणणाऱ्याला जुजुनाने विचारलं,
तो काय कपाट आहे?
बारा मजले खाली, की दोन मजले वर?
या वस्तीत मेलेल्याला खाली नेत नाहीत.
वर नेतात.

निघताना पेटी दारावर तीनदा टेकवली.
जिन्यात दोन वळणं, शिव्या, हुंदका, पुन्हा शिव्या.
मग सगळे माझ्या पट्टीपाशी येऊन थांबले
आणि कोणी काही बोललं नाही.

गाठ माझीच. नखाने सुटेना, दातांनी सोडवली.
कठड्याला पाठ लावून उभा राहिलो.
तीन खांदे या बाजूला, दोन त्या बाजूला,
मध्ये पेटी,
आणि तरी माझ्या पोटाला कोणाचा कोपर लागला नाही.

समोरून वाख्तांग येत होता, हातात पाव.
पुलाच्या मध्यावर थांबला.
ओलांडून जाण्याइतकी जागा होती, मी मोजलेली आहे.
त्याने पाव माझ्या हातात दिला
आणि रिकाम्या जागी खांदा घातला.

मी माणसं मोजत होतो. सवय.
आठ केव्हाच झाली.
एकसष्टपर्यंत आलो, मग मोजणं सोडलं.
पायाखाली पूल किंचित हलत होता,
जितका हलायला हवा तितकाच.
पाव अजून गरम होता.

संध्याकाळी उतरताना खिशातून नाणं काढलं.
जुजुनाने घेतलं नाही.
सुया बाजूला ठेवल्या, वही उघडली,
माझं नाव विचारलं,
आणि उधार लिहिलं.