दोन वाट्यांचा गट

चिठ्ठी निघाली. एर्नी गिबला पाच वाट्या आल्या,
मला दोन.
फळं आणि भाज्या, रोज, सोळा आठवडे.
मधे न्यूमोनियाची लस, मग पुन्हा रक्त.
ब्रोना म्हणाली, "तुमच्या दोनसुद्धा तितक्याच मोलाच्या, मिसेस मॅकिल्वीन.
तुम्ही नसाल तर त्यांचं मोजायचं कशाशी?"
असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दर गुरुवारी किल्कीलच्या उतारावर व्हॅन थांबते.
एर्नीच्या दाराशी खोकं: किवी, पालक, मातीसकट गाजरं.
माझ्या दाराशी बंदरावरचा वारा, हेरिंगचा वास घेऊन.
मी बटाटे उकडते.
बटाटा धरत नाहीत. नियमातच तसं आहे.
सत्तर वर्षं ज्याच्यावर काढली
तो भाजीतच नाही म्हणे.

लस म्हणजे शत्रूचा फोटो दाखवणं, ब्रोनानं समजावलं.
तरुण रक्त एकदा बघतं आणि ध्यानात ठेवतं.
आमचं चष्मा शोधत बसतं.
मला लगेच पटलं. परवाच
सख्ख्या भाच्याला मी दारात विचारलं,
कोण पाहिजे?

अकराव्या आठवड्यात भिंतीवरून एर्नीचा हात आला.
तळव्यावर प्लम. जांभळं, वर धुरकट साय.
"जास्तीचं आहे."
खोटं. त्याला मोजून येतात.
सिंकपाशी उभ्यानंच खाल्लं,
रस कोपरापर्यंत ओघळला, तोही चाटला.
बिली गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही
असं हातात धरून आणलं नव्हतं.

डायरीत लिहिलं: चहा, टोस्ट, हॅम, बटाटे. मटार. अर्धं केळं.
दिवा मालवला.
अडीच वाजता पुन्हा लावला,
खाली बारीक अक्षरात: प्लम, एक.
कुणी दिलं, याला रकाना नव्हता.

लशीनंतर माझा दंड रात्रभर ठणकत होता.
एर्नीचा अजिबात नाही.
पाच वाट्या खाऊन!
मला का कोण जाणे, बरं वाटलं.
आत कुणीतरी जागं होतं तर.

एकेकट्याचा निकाल सांगत नाहीत, सरासरी सांगतात.
असू दे.
त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बेरजेत
दशांश चिन्हाच्या पार पलीकडे कुठेतरी
एका मंगळवारचं प्लम आहे.

आता व्हॅन येत नाही.
एर्नी भिंतीपलीकडून विचारतो, आज काय?
मी म्हणते, गाजरं तू आण.
बटाटे माझ्याकडे.
मोजायचे नाहीत.