मुरड

सहा दहाला महू नाक्यावर कंपनीची बस.
खिडकीशी बसून मी डबा मांडीवर धरते
आणि पीथमपूर येईपर्यंत दुसऱ्यांच्या मांड्यांचा विचार करते:
मांडी आणि ओटीपोट जिथं मिळतात
त्या घडीत एक बोट जाईल एवढी फट राहते.
सगळी गळती तिथून.

बाबा मालवा मिलमध्ये साचेवाले होते.
पहिल्या पगाराला नमुन्याचा तुकडा घरी नेला
तर उजेडात धरून म्हणाले, ताणा कुठंय याचा? बाणा?
म्हटलं, हे विणत नाहीत बाबा,
तंतू अंथरतात आणि गरम रुळाखालून काढतात.
"म्हणजे पापड," म्हणाले,
आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

लॅबमध्ये आमचा एक प्लास्टिकचा माणूस आहे,
कमरेपासून गुडघ्यापर्यंतच.
नळीतून कोमट मिठाचं पाणी, ऐंशी मिली,
मग त्याला कुशीवर वळवायचं.
खाली पांढरा टिपकागद.
अकरा महिने टिपकागद ओला.
इलास्टिक घट्ट केलं तर वळ उठतो,
सैल केलं तर चादर जाते.
पालीवाल साहेब म्हणायचे,
जपान्यांनी सगळं करून ठेवलंय मॅडम, तुम्ही काय नवीन करणार?

नलूआत्या सहा वर्षं रामबागेबाहेर गेली नव्हती.
शिंक आली की उठून मोरीकडे.
लग्नाचं बोलावणं आलं की, गुडघे धरलेत गं.
गुडघे चांगले होते.
आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांवर विश्वास ठेवला.
मनाला मुरड घालणं म्हणजे काय
ते मी तिच्या दोरीवर वाचलं,
परकराखाली लपवून वाळत घातलेल्या
मऊ, पिवळट सुती तुकड्यांत.

दिवाळीला करंज्या. कातणं सापडेना.
आत्यानं हातानंच मुरड घातली:
अंगठ्यानं कड उचलायची, आत दुमडायची, दाबायची,
पुढच्या दुमडीचं टोक मागचीच्या पोटात.
"नुसती चिकटवली तर तेलात तोंड उघडते," ती म्हणाली,
"मुरडीचं तसं नाही. फुगली तर जरा सैलावते, उसवत नाही."
माझे हात पिठात तसेच राहिले.

भाऊबीज झाली, सोमवार आला.
अल्ट्रासॉनिक शिक्क्याखाली बारीक तिरप्या चुण्या,
एकीचं टोक दुसरीच्या पोटात.
ऐंशी मिली. कूस. टिपकागद.
मी तो कागद गालाला लावून पाहिला.

पाकीट घरी आणलं तर आत्यानं नाक मुरडलं.
"बाळोतं आहे हे."
तीन दिवस कपाटावर पडून.
चौथ्या दिवशी ती देवासला बारशाला गेली, बसनं,
आणि उतरताना कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडून आली.
दुसऱ्या सकाळी कचरागाडी आली तेव्हा
वर्तमानपत्राची पुडी घेऊन स्वतः जिना उतरली.
"इसमें क्या है, अम्मा?" गाडीवरच्या बाईनं वेगळा डबा उघडत विचारलं.
आत्या म्हणाली, करंजी.

अर्जात शोधकांची नावं:
पालीवाल साहेब, मग मी.
तिसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं, नलिनी त्र्यंबक आगटे.
कायदेवाल्यांनी विचारलं, यांचं पद? कर्मचारी क्रमांक?
ओळ खोडली गेली. मी भांडले नाही.
भांडायला हवं होतं.

आज पेटंट ऑफिसचं पत्र आलंय. हरकत एकच:
सदर दुमड या क्षेत्रातील सामान्य जाणकार व्यक्तीस
सहज सुचण्याजोगी आहे असे दिसते.
खुलासा करावा.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.
सहज हा शब्द मी तीनदा लिहून तीनदा पुसला.
सामान्य जाणकार व्यक्ती आत खिचडीला फोडणी देतेय.
मिरचीचा ठसका लागला तिला, मोठा,
डोळ्यांतून पाणी आलं,
तरी ओट्यापासून हलली नाही.